वर्तुळातला आकडा

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात कोलशेत गावठाणातल्या एक मावशी माझ्याकडे दोन कागद घेऊन आल्या. एक होते वर्तमानपत्राचे कात्रण. वकिलामार्फत दिलेली जाहीर नोटीस: खाली वर्णन केलेल्या मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, नपेक्षा तो सोडून दिला असे समजण्यात येईल, या नेहमीच्या छापाची. दुसरा कागद सातबाऱ्याचा उतारा. नातवाने पंधरा रुपये भरून मोबाइलवर उतरवून घेतलेला आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेला. मी आयुष्यभर बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काम केले. त्यामुळे आमच्या इमारतीत आणि आता गावठाणातही ‘सातबारा वाचणारी बाई’ अशी माझी ओळख आहे.

मावशींनी उताऱ्यावर बोट ठेवले आणि विचारले, “ह्या कागदान माजा नाव कुठं हाय?”

नाव नव्हते. जमीन त्यांच्या वडिलांची. उताऱ्यावर थोरल्या भावाची मुले होती. धाकट्या भावाचेही नाव नव्हते, मग बहिणींचे कुठून असणार? पण त्या मुलांच्या नावांशेजारी कंसात एक आकडा होता आणि खाली ‘जुने फेरफार क्रमांक’ या चौकटीत आणखी आकडे होते. मी मावशींना म्हटले, नाव इथे नसले तरी या आकड्यांच्या मागे असेल. त्यांना ते पटले नाही. आकड्याच्या मागे नाव कसे असेल?

हा लेख त्या आकड्याचा इतिहास आहे.

आज संगणकावर कोणी तक्ता केला, की तो तक्ता नुसता पाहायचा नसतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रकान्यातल्या आकड्यावर बोट दाबले की त्यामागचा तपशील उघडला पाहिजे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आणले, तेव्हा हिशेबाच्या चौकटीला पहिल्यांदाच मागची बाजू मिळाली: समोर बेरीज दिसे आणि चौकटीत शिरले की ती बेरीज कशाची आहे ते सूत्र दिसे. पुढे एक्सेलच्या पिव्होट तक्त्यात बेरजेवर दोनदा टिचकी मारली, की ज्या ओळींतून ती बेरीज झाली त्या सगळ्या नव्या पानावर मांडून येऊ लागल्या. बँकेत मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा थक्क झाले होते. नंतर विचार करताना लक्षात आले, की यातली कल्पना मला नवी नव्हती. नवा होता तो वेग.

मराठी हिशेबाची मूळ मांडणीच अशी आहे. मोडी कागदांत एकूण रक्कम आधी येते. मग ‘बितपशील’ असे लिहून तिची फोड खाली उलगडत जाते, आणि फोडीतल्या एखाद्या कलमाची पुन्हा पोटफोड होते. सारांशाच्या कागदाला ‘तेरीज’ म्हणत, सविस्तर हिशेबाला ‘झाडा’. तेरजेवर समाधान झाले नाही की वरिष्ठ झाडा मागत. आजही आपण ‘झाडाझडती’ घेतो ती याच कुळातली. व्यापाऱ्याच्या वहीतही तेच. खतावणीतल्या प्रत्येक रकमेशेजारी रोजकीर्दीचा पानक्रमांक असतो आणि कीर्दीत खतावणीचा ‘खा. पा.’, म्हणजे खातेपान. लक्ष्मीपूजनाला ज्या वह्यांवर आपण हळदकुंकू वाहतो, त्या दोन वह्या या छोट्या आकड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात.

जमिनीच्या दप्तरात मात्र हा आकडा यायला फार उशीर झाला.

इंग्रजी अमलात दख्खनची पहिली मोठी मोजणी प्रिंगल यांची. ती फसली. मग १८३५च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के झाले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रत ठरवताना मातीची खोली आणि रंग पाहून नऊ वर्ग पाडले, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. माती चुनखडीची आहे का, उतार आहे का, पाणी साचते का, या प्रत्येक दोषासाठी वेगळी खूण होती. म्हणजे एखाद्या शेताचा आकार इतके रुपये इतके आणे का, असे कोणी विचारले, तर उत्तर प्रतवारीच्या कागदात सापडे. शेताची लांबीरुंदी कशी धरली ते टिपणात आणि ‘गुणाकार बुका’त सापडे. क्षेत्र आणि आकार या दोन्ही रकान्यांना मागची बाजू होती.

नावाच्या रकान्याला नव्हती. खातेदार म्हणून ज्याचे नाव लागे तो सरकारला सारा भरणारा. त्याला जमीन कोणाकडून आली, त्याच्या मागे किती भाऊबंद आहेत, कसणारा दुसराच आहे का, सावकाराकडे गहाण आहे का, याच्याशी मोजणीदाराला कर्तव्य नव्हते. सारा वसूल झाला म्हणजे काम झाले.

याचे परिणाम १८७५च्या दख्खन दंगलीत दिसले आणि शतकाच्या शेवटच्या दोन दुष्काळांत पुन्हा दिसले. जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हातात चालली आहे ते सरकारी कागदावरून कळेना. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले प्रभृती सभासद निषेध म्हणून कौन्सिलातून उठून गेले, हे राजकीय इतिहासात आपण वाचतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०३ साली, हक्कनोंदणीचा कायदा झाला. त्याच्याकडे राजकीय इतिहासाचे लक्ष जात नाही. माझ्या मते खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यात या दुसऱ्या कायद्याने जास्त उलथापालथ केली. १९१३ साली तो १८७९च्या महसूल संहितेतच सामावून घेतला गेला.

या कायद्याला रोजच्या वापराचा आकार दिला तो गावनमुन्यांनी. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांचे गाव, तालुका आणि जिल्ह्याच्या हिशेबांवरचे पुस्तक महसूल खात्यात कित्येक पिढ्या प्रमाण मानले गेले. तलाठ्याच्या दप्तरात एकूण एकवीस नमुने. त्यांतले बरेचसे आपल्या कामाचे नाहीत. कामाचे चार: एक नंबर म्हणजे आकारबंद, सहा नंबर फेरफार नोंदवही, सात नंबर अधिकार अभिलेख, बारा नंबर पिकांची नोंद. सात आणि बारा एकाच कागदावर छापले जाऊ लागले म्हणून त्या कागदाचे नाव सातबारा. गोव्यात याच कारणाने लोक ‘एक-चौदा’चा उतारा म्हणतात. दोन नमुन्यांचे आकडे जोडून कागदाला हाक मारायची ही सवय सीमेपलीकडेही आहे.

या सगळ्यात नामी युक्ती होती ती सहा नंबरची. सातबाऱ्यावर कोणतेही नाव लागायचे किंवा उडायचे असेल, तर आधी ती हकीगत फेरफार नोंदवहीत लिहायची. तिला अनुक्रमांक द्यायचा. मग सातबाऱ्यावर नाव लिहून त्याच्याशेजारी तो क्रमांक वर्तुळ काढून नोंदवायचा. नाव उडवायचे असेल तर त्याला कंस करायचा आणि तिथेही क्रमांक. जुना हस्तलिखित सातबारा पाहिला तर भोगवटादाराच्या रकान्यात नावांपेक्षा वर्तुळेच जास्त दिसतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक दार. तलाठ्याकडे जाऊन ‘हा फेरफार दाखवा’ म्हटले की ते उघडायचे.

आणि आत काय? सहा नंबरला चार रकाने. पहिल्यात अनुक्रमांक, तिसऱ्यात परिणाम झालेले भूमापन क्रमांक, चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. दुसऱ्या रकान्यात संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, म्हणजे चक्क गद्य. अमका अमक्या तारखेस मयत झाला, त्याची वर्दी कोणी दिली, पंचांनी काय सांगितले, पत्नी, मुलगे, मुली, कोणाचे वय काय, कोणती मुलगी कोणत्या गावी दिली. आपल्या महसुली दप्तरात सामान्य कुटुंबाची कथा लिहायला एवढी मोकळी जागा दुसरीकडे नाही. मी बँकेत असताना कर्जाच्या छाननीसाठी फेरफार वाचायची आणि वाचता वाचता कर्ज विसरून जायची.

तिसरा रकाना विशेष लक्षात ठेवण्यासारखा. सातबाऱ्यावरून फेरफाराकडे जाता येते, तसे या रकान्यातून फेरफारावरून पुन्हा सातबाऱ्याकडे येता येते. एका मृत्यूने गावातल्या कोणत्या कोणत्या तुकड्यांना हात लागला ते सगळे तिथे एका ओळीत मिळते. टेड नेल्सन यांनी १९६५ साली ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द घडवला. दोन मजकुरांमधला दुवा दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. इंटरनेटने तो ऐकला नाही, आपले दुवे आजही एकाच दिशेने जातात. तलाठ्याच्या दप्तरातला दुवा मात्र दोन्ही बाजूंनी चालायचा. यात तलाठ्यांना काही विशेष वाटत नसे.

नोंद झाली की लगेच पक्की होत नसे. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे आजच्या कायद्यातही, तोच क्रम आहे. हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत वर्दी, तलाठ्याची नोंद, हितसंबंधितांना नोटीस आणि चावडीवर प्रसिद्धी, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. हरकत आली तर प्रकरण ‘सहा-अ’ या विवादग्रस्त नोंदवहीत. तोपर्यंत सातबाऱ्यावर नाव पेन्सिलीने लिहीत. ‘पेन्सिल नोंद’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात नुसता महसुली नाही. लग्न ठरले पण याद्या झाल्या नाहीत, तरी ते पेन्सिलनेच लिहिलेले असते! प्रमाणित नोंद खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरी धरावी, असे संहितेचे कलम १५७ सांगते. ती मालकी देत नाही, असे न्यायालये पुन्हा पुन्हा सांगतात. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत महाराष्ट्रातले निम्मे दिवाणी दावे राहत असावेत.

आता कोलशेतकडे येऊ. खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. भातखाचरे, मासेमारी. मग सँडोझसारखे रासायनिक कारखाने आले, वायुदलाचे केंद्र आले, १९८२ साली ठाणे महापालिका झाली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्यांतल्याच एकात मी राहते. महसुली दप्तरात मात्र हे अजून ‘मौजे कोलशेत, तालुका ठाणे’ आहे. माझ्या फ्लॅटच्या करारनाम्यात पहिल्याच परिशिष्टात भूमापन क्रमांक आणि हिस्सा क्रमांक आहेत. तेविसाव्या मजल्यावर राहणारी बाईसुद्धा कुठल्या तरी भाताच्या खाचरावरच राहते.

मावशींचे वडील कूळ होते. कुळकायदा १९४८चा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक झाले असे मानले गेले. पुढे ३२-ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२-म चे प्रमाणपत्र, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक आगरी घरांत ३२-म चा कागद देवघराच्या फळीवर ठेवलेला असे. मावशींच्या घरी तो होता आणि नंतर पुराच्या पाण्यात गेला. वडील सत्तरच्या दशकात वारले. मागे आई, दोन भाऊ, तीन बहिणी.

इथे वर्तुळाच्या आकड्याला तीन ठिकाणी धक्के बसले, आणि ते एकट्या या घराचे नाहीत.

पहिला धक्का ‘ए.कु.मॅ.’चा. एकत्र कुटुंब मॅनेजर. वारसांची नोंद करताना फेरफारात सगळे वारस लिहीत, पण सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावून पुढे ही तीन अक्षरे जोडत. कारण सांगितले जाई ते सोयीचे: सारा कोण भरणार, सोसायटीचे कर्ज कोणाच्या सहीने मिळणार. बहिणींची नावे काही ठिकाणी ‘इतर अधिकार’ या रकान्यात टाकत, विहीर, बोजा आणि वहिवाटीच्या रस्त्याच्या शेजारी. काही ठिकाणी तीही नाहीत. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने प्रथम वर्गाची वारस झाली होती. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही तिला सहदायाद केले. कायदा पुढे जात राहिला, पण सातबाऱ्यावर ती तीन अक्षरे तशीच राहिली. पुढच्या पिढीला अक्षरांचा अर्थही कळेनासा झाला. माझ्या बँकेत एका तरुण अधिकाऱ्याने ‘ए.कु.मॅ.’ हे आडनाव समजून अर्जात लिहिले होते.

दुसरा धक्का पुनर्लेखनाचा. हस्तलिखित सातबाऱ्याचा कागद साधारण दहा वर्षांत भरून जाई, मग नवा लिहीत. नव्या कागदावर चालू नावे आणि त्यांचे क्रमांक तेवढे उतरवायचे. कंसातली जुनी नावे मागे राहायची, आणि त्यांची वर्तुळेही. उतरवताना चुका होत. महसुलात त्यांना ‘हस्तदोष’ असे सभ्य नाव आहे आणि दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे. थोरला भाऊ वारला, त्याच्या मुलांची नावे नव्या फेरफाराने लागली, तोपर्यंत ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरेही गळाली होती. आता कागदापुरते ते सरळ बापाकडून मुलांकडे आलेले शेत होते.

तिसरा धक्का संगणकाचा, आणि याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. कारण आपण त्याला इलाज समजलो होतो.

जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पाने २००० सालच्या आसपास आघाडी घेतली आणि बेळगाव-निपाणीच्या मराठी शेतकऱ्याला छापील उतारा आपल्याआधी मिळू लागला. आपल्याकडेही सातबारे भराभर टंकले गेले. टंकणारा माणूस समोरचा कागद पाहून चौकटी भरत होता. नाव नावाच्या चौकटीत, क्षेत्र क्षेत्राच्या चौकटीत. वर्तुळातला आकडा कुठे जाणार? तो नावाला चिकटून कंसात गेला. कागदावर वर्तुळ म्हणजे दुसऱ्या वहीकडे जायची खूण होती. संगणकात तो नुसता छापायचा मजकूर झाला, नावाच्या शेपटासारखा. फेरफार नोंदवही टंकलीच नव्हती, तर आकडा बोट दाखवणार कुठे? ज्या यंत्राची खरी करामत एका चौकटीतून दुसरीत नेण्याची, त्या यंत्रात आपण तक्ता घातला आणि दुवे बाहेर ठेवले.

आता यात सुधारणा झाल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ई-फेरफार आल्यापासून नव्या नोंदी संगणकातच जन्मतात आणि सातबाऱ्याशी खरोखर जोडलेल्या असतात. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले, टंकलेले सातबारे लोकांसमोर वाचून चुका शोधल्या गेल्या. १ मे २०१८पासून तलाठ्याच्या सहीशिक्क्याविना, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. २०२०च्या नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार क्रमांक व तारीख आणि प्रलंबित फेरफार दिसू लागले, कमी झालेल्या नावांवर कंसाऐवजी आडवी रेघ आली. प्रलंबित नोंदींच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर कोणालाही पाहता येतात. ‘महाभूनकाशा’वर तर गावाच्या नकाशातल्या तुकड्यावर टिचकी मारली की त्याची खातेदारांची नावे शेजारी उघडतात. विंगेटच्या मोजणीदाराला हे दाखवले असते तर त्याने साखळी खाली ठेवली असती.

पण मावशींचे नाव ज्या पानावर आहे ते पान या सगळ्याच्या आधीचे. नव्या नमुन्यात जुने फेरफार क्रमांक खाली एका चौकटीत गोळा केले आहेत. त्यांतला कोणता कोणत्या नावाचा, ते तिथून कळत नाही. दारांचे क्रमांक मिळाले, घरे मिळाली नाहीत. आणि रकान्यांच्या मागच्या वाटा एकाच कचेरीत संपतही नाहीत. नावाची वाट तलाठ्याकडून तहसीलच्या अभिलेख कक्षात जाते. क्षेत्राची वाट टिपण, गुणाकार बुक आणि क.जा.प. मधून भूमि अभिलेख कार्यालयात जाते. खरेदीची वाट दुय्यम निबंधकाकडे, सूची दोनकडे. तिन्ही ठिकाणी वेगळे अर्ज, वेगळ्या रांगा. सुशिक्षित माणूससुद्धा दुसऱ्या रांगेत थकतो.

मावशींचा नातू घोडबंदर रस्त्यावरच्या एका कंपनीत संगणकाचे काम करतो. आम्ही दोघांनी मिळून एक साधा तक्ता केला. एका ओळीला एक फेरफार: क्रमांक, वर्ष, कोणाचे नाव लागले, कोणाचे उडाले, कोणत्या भूमापन क्रमांकावर. मिळेल त्या पानाचा फोटो काढून त्याने क्रमांकाच्या चौकटीला जोडला. चौकटीवर टिचकी मारली की पान उघडायचे. तिसऱ्या रकान्यातले भूमापन क्रमांकही त्याने उलट जोडले, म्हणजे पानावरून परत त्या तुकड्याच्या सगळ्या ओळींकडे येता यावे. त्याला वाटले ही त्याची कल्पना. मी काही बोलले नाही.

तक्त्यात पहिला अडथळा लगेच आला. संगणकी उताऱ्यावरच्या जुन्या क्रमांकांपैकी एकाचे पान काढले, तर तिथे दुसऱ्याच कोणाच्या तरी सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मागच्या-पुढच्या क्रमांकांची पाने वर्षांच्या क्रमाने लागत होती, हे एकच पान पुढच्या काळात उडी मारत होते. ओळी वर्षाप्रमाणे लावल्यामुळेच ते डोळ्यांत खुपले. शेवटी एका जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मिळाली आणि त्यावरचे वर्तुळ भिंगातून पाहिले. क्रमांकातला एक आकडा ‘१’ होता. शाईचा फराटा लांबल्यामुळे टंकणाऱ्याला तो ‘९’ वाटला असणार. दोन्ही आकडे देवनागरीत असे जवळचे, की मी तरी त्याला दोष देणार नाही.

बरोबर क्रमांकाचे पान मिळवायला सात आठवडे लागले. पान तपकिरी, कडा झिजलेल्या, अक्षर मात्र मोत्यासारखे. दुसऱ्या रकान्यात मयताचे नाव, तारीख, वर्दी देणारा थोरला मुलगा. वारस: पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सर्वांची वयांसह नावे. मावशींच्या नावापुढे सासरचे गाव. शेवटी, सर्वानुमते थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून लावावे. खाली अंगठे. मुलींचे अंगठे त्यात नव्हते. चौथ्या रकान्यात प्रमाणनाची सही.

मावशींना पान दाखवले तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या नावावर नव्हे, धाकट्या बहिणीच्या नावावर बोट ठेवले. ती बाळंतपणात गेली. तिचे नाव कुठल्याच कागदावर नसेल असे त्यांना वाटत होते. मग म्हणाल्या, “म्हंजे सरकारला ठाव व्हता.”

ठाऊक होते, हे खरे. १९०३च्या कायद्यामागे जी शंका होती, की नावाच्या मागे कोण आहे ते कळले पाहिजे, तिचे उत्तर या पानाने नेमके दिले होते. पान कोणी फाडले नाही, खाडाखोड केली नाही. त्याच्याकडे जाणारा आकडा तेवढा दर दहा वर्षांनी फिका होत गेला आणि शेवटी एका फराट्याने दुसरीकडे वळला.

जाहीर नोटिशीची हरकत आम्ही पान हाती येण्याआधीच, चौदा दिवसांच्या आत, वारसांच्या नावांसह रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. नक्कल नंतर जोडली. नोंदीसाठी वेगळा अर्ज दिला. भाच्यांनी त्यावर हरकत घेतली. आत्याने लग्नाच्या वेळीच तोंडी हक्क सोडला होता, असे त्यांचे म्हणणे. जमिनीतला हक्क असा तोंडी सोडता येत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, असे आमच्या वकिलांचे. भाचेही वाईट नाहीत. त्यांच्या समोरही इतकी वर्षे फक्त उतारा होता आणि उताऱ्यावर त्यांचीच नावे होती. पान पाहिल्यावर त्यांतला धाकटा बराच वेळ गप्प बसला होता, आणि जाताना आमच्या तक्त्याची प्रत मोबाइलवर घेऊन गेला.

प्रकरण सहा-अ मध्ये गेले आहे. विवादग्रस्त नोंद वर्षाच्या आत निकाली निघावी असा नियम आहे. दोन तारखा झाल्या, तिसरी दिवाळीनंतरची. दरम्यान नातवाने तक्त्याच्या तळाशी एक नवी ओळ घातली आहे: आजीचे नाव, तिच्या दोन्ही बहिणींची नावे, धाकट्या मामाआजोबांचे नाव, भूमापन क्रमांक. फेरफार क्रमांकाची चौकट त्याने पिवळी करून रिकामी ठेवली आहे.